गाऱ्हाण्यापासून स्वराज्यापर्यंत
(चेणे येथील सभेत दिलेले भाषण)



स्वातंत्र्याच्या इतिहासात थोर पुढाऱ्यांची नावे आपण वाचतो. परंतु त्या लढ्याचा उगम चुलीचे जळण, गुरांचा चारा, भाकरीबरोबरचे मीठ अशा साध्या गोष्टींत होता. गाऱ्हाणी तर लोकांची पूर्वापार होतीच. मग त्यांचा लढा केव्हा आणि कशाने झाला, याचा आज आपणांस विचार करावयाचा आहे.

आपले हे चेणे गाव रानाला लागून आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील भातशेतकरी पेरणीपूर्वी फांद्या व पालापाचोळा शेतात जाळून राब करीत असे. राबासाठी रान हवे. 1878 च्या जंगल कायद्यान्वये राने राखीव होऊ लागली आणि जो वहिवाटीचा हक्क होता, तो सरकारची मेहेरबानी ठरला. जंगलखात्याच्या जुलमाविरुद्ध जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात 1883 साली आवाज उठविला. गवगवा वाढला, तेव्हा 1885 साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाब्याच्या तक्रारींसाठी आयोग नेमला. साक्षी झाल्या, अहवाल झाला; पण कायदा करण्याची सत्ता जेथे होती तेथेच राहिली. अर्जदार हा अर्जदारच राहिला!

अर्ज करणारा राज्यकर्त्याच्या न्यायबुद्धीवर विसंबतो. ती न्यायबुद्धी जागी होत नाही असा अनुभव पुनःपुन्हा आला, म्हणजे माणूस विचारू लागतो की, हा कायदा करणारे हे कोण? ज्या दिवशी हा प्रश्न उत्पन्न होतो, त्या दिवशी गाऱ्हाणे संपते आणि लढा सुरू होतो.

1930 साली हा प्रश्न गावोगावी विचारला गेला. किनाऱ्यावर मिठाचा कायदा मोडला गेला, डोंगराळ मुलखात जंगलाचा. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरणजवळील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले. आगरी, कोळी, कातकरी अशा कष्टकरी जमातींची ती माणसे होती. पुढे गावकऱ्यांवर ठाण्याच्या सत्र न्यायालयात खटला चालला, आणि आरोपींच्या बचावासाठी उभे राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. अस्पृश्यांचा पुढारी स्वातंत्र्याच्या विरुद्ध होता, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या समाजाचे गाऱ्हाणेही याच वाटेने गेले आहे. महार शिपायांनी इंग्रजांच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या चाकरी केली. तरी 1890 नंतरच्या काही वर्षांतच त्यांची भरती बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली विनंतीअर्ज तयार केला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेपर्यंत अर्ज पाठविला. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज लागली, तेव्हा 1917 साली महारांची पलटण उभारली गेली. गरज सरताच 1921 साली ती मोडण्यात आली. मेहेरबानीने मिळते ते मेहेरबानीनेच जाते, याहून उघड पुरावा कोणता?

म्हणूनच नोव्हेंबर 1930 मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रज सरकारला रोखठोक जाब विचारला. विहीर, मंदिर, पोलीस, सैन्य ही दारे इंग्रज येण्यापूर्वी बंद होती. ती इंग्रजांनी उघडली काय? उत्तर नकारार्थी होते. म्हणून त्यांनी लोकांचे राज्य मागितले. आणि त्याबरोबरच, त्या राज्यात अस्पृश्यांच्या हाती राजकीय सत्तेचा वाटा असलाच पाहिजे, असेही बजावले. परक्याचे राज्य जाऊन उच्चवर्णीयांचे राज्य यावे, हे त्यांना मान्य नव्हते. स्वराज्याच्या कल्पनेला या मागणीने पूर्णत्व आले.

बंधूंनो, 1947 साली राज्य बदलले, 1950 साली संविधान अमलात आले; पण गाऱ्हाणी आपोआप मिटली नाहीत. रानातील आदिवासींचे हक्क मान्य करणारा कायदा होण्यास 2006 साल उजाडले. 1956 साली आपण धम्म स्वीकारला. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींत केंद्राची मान्यता मिळण्यास 1990 साल यावे लागले. चौतीस वर्षे! एवढ्या काळात किती मुलांची शिष्यवृत्ती आणि किती तरुणांची नोकरी हुकली असेल, याचा विचार करा.

यावरून एकच बोध घ्यावयाचा. दाखला अडला, शिष्यवृत्ती थांबली, जमिनीची नोंद झाली नाही, तर दैवाला दोष देऊ नका आणि साहेबाच्या पाया पडू नका. गाऱ्हाणे लेखी मांडा. ते कोणत्या नियमामुळे उत्पन्न झाले ते शोधा. तेच दुःख सोसणाऱ्या शेजाऱ्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो, बरोबर घ्या. आणि नियम बदलेपर्यंत सनदशीर मार्गाने झगडा. आपण आता कोणाची प्रजा नाही, नागरिक आहोत. नागरिकाने भीक मागावयाची नसते, हक्क मागावयाचा असतो.

जय भीम!