रात्रीच्या पाण्याला विश्वासाची बॅटरी



गडहिंग्लज भागात, हिरण्यकेशीच्या काठी, उसाला पाणी पाजायचं…
म्हणजे पुष्कळदा रात्रीचंच काम.
वीज रात्रीची आली, की हातात बॅटरी हवीच.

चार्जिंगच्या बॅटरीत बहुधा लिथियमचा गोल सेल असतो.
बोटभर लांब, पेन्सिल सेलपेक्षा जाड.
विकत घेताना तो बाहेर काढून बघा.

सेलवर मिलिअँपिअर-अवरचा मोठा आकडा छापलेला असतो.
भुलू नका.
या मापाच्या उत्तम सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास.
नऊ-दहा हजार लिहिलंय?
मग खुशाल परत ठेवा.

आकडा नको, बीआयएसची खूण बघा.
आणि वरचं प्लास्टिकचं वेष्टन बघा.

ते टोकापाशी सोललं, की आतलं धातूचं कवच उघडं पडतं.
हे अख्खं कवच म्हणजे ऋण टोक.
धन टोक त्याच्या अगदी शेजारी.
किल्ली दोघांना टेकली, की शॉर्टसर्किट!
म्हणून सुटा सेल किल्ल्यांच्या खिशात नको.

असलाच सेल काही ई-सिगारेटमध्येही असतो.
त्यातली चांगली कोणती, असं तरुण पोरं विचारतात.
कुठलीच नाही!
२०१९ पासून देशभर तिच्या विक्रीवर बंदी आहे.

पुन्हा सांगतो…
आकडा नको. खूण बघा, वेष्टन बघा.

चार्जिंग जागेपणी करा, उशाशी नको.
सेल चेपला किंवा फार तापला, तर वापर थांबवा.
दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा,
आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.
पाचटाबरोबर पेटवू मात्र नका, तो फुटतो.