मुखपट्टी आणि चेहऱ्याची त्वचा

(परिचारिका दिनानिमित्त १२ मे रोजी रुग्णालयाच्या सभागृहात मानद त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



त्वचेची सर्वसाधारण निगा या विषयावर मी बोलावे अशी सूचना होती. विषय मी थोडा आक्रसून घेतला आहे, त्याचे कारण प्रथम सांगतो. काही महिन्यांपूर्वी क्षयरोग कक्षात एका रुग्णाचे पुरळ पाहण्यासाठी गेलो असता एका तरुण सिस्टरची मुखपट्टी नाकाखाली उतरलेली दिसली. मी रागावण्याच्या बेतात होतो. तिने मुखपट्टी काढून दाखवली. नाकाच्या दांड्यावर कातडी सोलून ओली जखम झाली होती. "सर, वर ओढली की डोळ्यांत पाणी येतं," एवढेच ती म्हणाली. माझे शब्द तोंडातच राहिले.

जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत. एन-९५ मुखपट्टी हवेतील अतिसूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के कण अडवते, परंतु ती चेहऱ्याला सर्व बाजूंनी घट्ट बसली असेल तरच. म्हणजे जो दाब आपले रक्षण करतो, तोच त्वचेला इजाही करतो. हा पेच २०२० मध्ये प्रथम उद्भवला असे नाही. २००३ मध्ये सिंगापूरला सार्सची साथ आली, तेव्हा एन-९५ नियमित वापरणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांत मुरुमे, खाज व पुरळ यांच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर नोंदल्या गेल्या होत्या. कोविडच्या काळात तेच जगभर दिसले. साथ ओसरली, क्षयरोग कक्ष, शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभाग यांतील मुखपट्टी मात्र राहिली आहे.

"मास्कची अ‍ॅलर्जी झाली" असे सांगत बहुतेक जण माझ्याकडे येतात. खरी अ‍ॅलर्जी त्यांतील थोड्यांनाच असते. दाब व घर्षणाने नाक, गालाची हाडे आणि कानामागची त्वचा लाल होते, मग सोलवटते. मुखपट्टीच्या आत श्वासाची वाफ व घाम कोंडून त्वचा भिजट होते. भिजलेली त्वचा घासली की लवकर फाटते, हे पायाच्या बेचक्यांवरून आपण जाणतोच. याच कोंदट उबेत रोमरंध्रे बुजून हनुवटी व गालांवर मुरुमे येतात. आधीपासून कोंडा किंवा सेबोऱ्हिक इसब असेल तर तेही उफाळते. खऱ्या अ‍ॅलर्जीत बहुधा इलॅस्टिकमधील रबराची रसायने, नाकावरच्या पट्टीतील निकेल, चिकटद्रव्य किंवा कापडातील फॉर्मॅल्डिहाइड यांपैकी काहीतरी कारणीभूत असते. लालीचा आकार इलॅस्टिकच्या किंवा पट्टीच्या रेषेबरहुकूम असेल आणि खाज फार असेल, तर पॅच टेस्ट करून घ्यावी. पाठीवर लावलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढून वाचतात व एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात.

आता मला सर्वांत अधिक चिंता वाटते त्या गोष्टीकडे वळतो. चेहऱ्यावर काही उठले की औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक असे तिन्ही एकत्र असलेले मलम आणायचे आणि ते लावत राहायचे, ही सवय रुग्णांत आहे तशीच दुर्दैवाने आपल्यातही आहे. २०१८ मध्ये शासनाने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरवले. तरी ती मिळतात. पहिले आठ दिवस चेहरा नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे वाढतात, आणि मलम थांबवताच आग होते म्हणून पुन्हा तेच लावले जाते. मुळात नायटा असेल तर तो दबून पसरतो. सौम्य हायड्रोकॉर्टिझोन डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच-सात दिवस लावणे ही गोष्ट वेगळी.

उपाय साधे आहेत. चेहरा सौम्य, बिनवासाच्या क्लिन्झरने दिवसातून दोनदाच धुवावा. सॅव्हलॉन, डेटॉल, लिंबू किंवा टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नये. (टूथपेस्टचे नाव घेताच मागच्या रांगेत हसू आले, म्हणजे कोणी तरी लावत असणार.) ड्युटीपूर्वी किमान अर्धा तास हलके मॉइश्चरायझर लावून ते मुरू द्यावे. मुखपट्टीखाली व्हॅसलिन लावू नये. कडा सरकतात आणि हवा बाजूने शिरते. व्हॅसलिन रात्री झोपताना जखमेवर लावावे. मुखपट्टीवर सॅनिटायझर फवारू नये. त्वचेला तो झोंबतोच, शिवाय कण धरून ठेवणारा गाळणीतील विद्युतभार नाहीसा होतो. नाकावर पातळ हायड्रोकोलॉइड पट्टी किंवा सिलिकॉन टेप लावता येते, मात्र त्यानंतर मुखपट्टी नीट बसते का हे पुन्हा तपासलेच पाहिजे. साध्या सर्जिकल मुखपट्टीच्या दोऱ्या कानांना रुतत असतील, तर टोपीला दोन्ही बाजूंना बटणे शिवून त्यांना अडकवाव्यात. शक्य तेथे दोन तासांनी कक्षाबाहेर सुरक्षित जागी जाऊन काही मिनिटे मुखपट्टी काढावी.

मुरुमांसाठी अडॅपलिन किंवा अ‍ॅझेलिक आम्ल रात्री वापरता येते. गर्भवती भगिनींनी अडॅपलिन टाळावे. आपल्या वर्णाच्या त्वचेवर मुरूम गेले तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, म्हणून नखाने फोडू नये आणि उन्हात सनस्क्रीन लावावे.

विश्वस्तांना एक विनंती आहे. सर्वांसाठी एकाच मापाची मुखपट्टी खरेदी होते. लहान चेहऱ्यावर ती बसावी म्हणून सिस्टर इलॅस्टिकला गाठी मारतात, आणि मी पाहिलेल्या बहुतेक जखमा या गाठींच्या आहेत. दोन मापे आणि दोन प्रकार ठेवल्यास खर्च थोडा वाढेल. रजेवर जाणाऱ्या सिस्टरची जागा भरण्याहून तो निश्चितच कमी असेल. सुटीसाठी बदली माणूस नसेल, तर दोन तासांचा माझा सल्ला कागदावरच राहील, हेही नमूद करतो.

ज्या सिस्टरमुळे हा विषय सुचला, तिला तीन आठवडे बाह्यरुग्ण विभागात काम दिले गेले. जखम भरली. आता ती वेगळ्या बनावटीची मुखपट्टी वापरते आणि क्षयरोग कक्षातच आहे. कर्मचाऱ्यांसाठी मंगळवारी दुपारी दोन ते तीन या वेळेत मी त्वचा विभागात असतो. येताना आपण वापरता ती मुखपट्टी आणि सध्या लावत असलेल्या मलमाची ट्यूब, दोन्ही सोबत आणावीत.