दारातली चारचाकी: ठेवायची, विकायची की बदलायची?

शिरूर तालुक्यातल्या केंदूरहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आजचा विषय तुमच्या-आमच्या दारातच उभा आहे. घेतलेल्या चारचाकीचा आता पस्तावा होतोय, तर तिचं करायचं काय?

आपला भागच गाड्यांचा. रांजणगावला फियाटचा कारखाना, चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र. नव्या कोऱ्या गाड्यांनी भरलेले लांबलचक ट्रेलर शिक्रापूर-चाकण रस्त्यानं रोज जातात. पोरं ते बघतच मोठी झाली. मग एखाद्या वर्षी कांद्याला चांगला भाव मिळतो, नाहीतर जमिनीचे चार पैसे येतात, आणि घरात गाडीचं बोलणं निघतं. हौस करू नये असं आमचं म्हणणं नाही. पण कांद्याचा पैसा हंगामाला येतो आणि गाडीचा हप्ता महिन्याला जातो, हे पेढे वाटताना कुणी बोलत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या पाच महिन्यांत भाव पडले, हप्ते काही थांबले नाहीत.

आमच्या गटातल्या एका घरची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, आकडे जरा गोल केलेत. त्या घरातल्या सुनेनं मासिक बैठकीत खतासाठी म्हणून वीस हजारांचं कर्ज मागितलं. अध्यक्षताईंनी विचारलं, "खत कोणत्या पिकाला गं?" तशी ती गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, खोटं कशाला बोलू? गाडीचे दोन हप्ते थकलेत. बँकेचा माणूस घरी येऊन गेला. कागदावर माझीबी सही आहे."

मैत्रिणींनो, ही सही समजून घ्या. कर्जाच्या कागदावर बाईची सहकर्जदार म्हणून सही असली, तर तिनं एकदाही स्टिअरिंगला हात लावला नसला तरी कर्ज तिचंही असतं. हप्ता चुकला की तिच्या नावावरही थकबाकी लागते. उद्या तिला शिलाई मशीनसाठी किंवा म्हशीसाठी बँकेत जायचं झालं, तर ती नोंद आडवी येते. म्हणून गाडीचं काय करायचं हे ठरवताना ज्या बाईची सही आहे ती बोलायला हवी, नुसता चहा ठेवायला नको.

त्या दिवशी गटानं कर्ज लगेच दिलं नाही, नाकारलंही नाही. आम्ही म्हटलं, आधी गाडीचा हिशेब घेऊन ये. पुढच्या बैठकीत तिनं वहीच आणली.

गाडी रस्त्यावर आणेपर्यंत आठ लाख लागले. दीड लाख रोख भरले, साडेसहा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षांची मुदत. हप्ता १०,६०० रुपये. दोन वर्षांत सुमारे २,५५,००० रुपये भरून झाले. घरच्यांना वाटत होतं, आता चार लाखांच्या आत राहिले असतील. प्रत्यक्षात पाच लाख सहा हजार बाकी. कारण भरलेल्या पैशांतले एक लाख दहा हजार व्याजात गेले. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी फिटते. म्हणून आमचं पहिलं सांगणं हे, की अंदाजावर बोलू नका. बँकेत जाऊन लेखी पत्र मागा, आज खातं बंद करायचं तर एकूण किती भरावे लागतील. व्याजदर ठरलेला असेल, तर मुदतीआधी कर्ज फेडण्याचं शुल्कही बहुतेक लागतं. या घराला शुल्क आणि त्यावरचा कर धरून अठरा हजार सांगितले. म्हणजे एकूण ५,२४,०००.

मग महिन्याचा खर्च मांडला. हप्ता १०,६००. विम्याचे वर्षाला अठरा हजार, म्हणजे महिन्याला दीड हजार. सर्व्हिसिंग आणि टायरसाठी हजार बाजूला. झाले १३,१००. मैत्रिणींनो, हे गाडी नुसती लिंबाखाली उभी असतानाचे. ती महिन्याला तीनशे किलोमीटर फिरायची, त्याचं पेट्रोल २,१००. सगळे मिळून १५,२०० रुपये. आणि खेपा किती? मोजल्या तर पाच. दोन लग्नं, एक दवाखाना, एकदा शिक्रापूरचा बाजार, एकदा जेजुरी. एक खेप तीन हजारांना पडली.

वही वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका मावशींनी विचारलं, "अगं, पण एवढे अडीच लाख भरलेत ना? विकली तर ते बुडाले."

हा विचार सगळ्यांच्या मनात येतो, आणि इथंच माणूस अडकतं. ते अडीच लाख गेलेच. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत, विकली तरी येत नाहीत. विहीर खणताना पाणी लागलं नाही, तर आजवर इतके पैसे घातले म्हणून आणखी दहा फूट खणायचं का? ते खालचा दगड बघून ठरवायचं. तसं आता पुढचं बघायचं. पुढं साठ हप्ते, म्हणजे ६,३७,००० रुपये जायचेत. विमा आणि दुरुस्ती वेगळी. एवढे पैसे जाऊन पाच वर्षांनी हातात सात वर्षं जुनी गाडी राहणार. तेवढ्याची आपल्याला गरज आहे का, हा खरा प्रश्न.

याचं उत्तर सगळ्या घरांत एकच येत नाही. त्याच बैठकीत दुसरी ताई होती. तिच्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. तिनंही हिशेब मांडला. महिन्याच्या तेरा खेपा भाड्याच्या गाडीनं करायच्या म्हटलं तर हप्त्यापेक्षा जास्त पैसे जात होते, शिवाय पहाटे गाडी मिळेल याची खात्री नाही. तिनं गाडी ठेवली. योग्यच केलं. गाडी हौसेची की गरजेची हे तिच्या रंगावरून कळत नाही, खेपांच्या वहीवरून कळतं. एक महिना वही ठेवा. कोण गेलं, कुठं गेलं, एसटीनं किंवा दुचाकीनं जमलं असतं का, तेवढं लिहा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. अचानक कुणाची तब्येत बिघडली तर १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते. गावातल्या जीपवाल्याचा भावही लिहून ठेवा. मग तुलना करा.

आता विकायची ठरली, तर किंमत किती येणार? विम्याच्या कागदावर गाडीची एक किंमत असते. ती विम्यापुरती, बाजार तीच देईल असं नाही. दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा अधिभारही गेला. नवीच गाडी स्वस्त झाल्यावर जुनीला आधीएवढा भाव कोण देणार? तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीला दोन वर्षांपूर्वी काय मिळाले ते धरून बसू नका. निदान तीन ठिकाणी विचारा. या घराला एका व्यापाऱ्यानं ४,७०,००० सांगितले, दुसऱ्यानं ४,९०,०००, आणि थेट वापरणाऱ्या गिऱ्हाइकानं पाच लाख. म्हणजे गाडी देऊन वर पदरचे चोवीस हजार भरायचे.

सासरे उसळले. "गाडीबी द्यायची अन् वर पैसेबी? पंचक्रोशी म्हणंल, घर बसलं."

सून हळूच म्हणाली, "मामा, पंचक्रोशी हप्ता भरायला येत नाही. चोवीस हजार म्हणजे दोन-सव्वादोन हप्ते. तिसऱ्या महिन्यापासनं तेवढे घरात राहतील."

मग घरात वेगवेगळ्या वाटा निघाल्या. धाकटा दीर म्हणाला, शोरूमवाले एक्स्चेंजमध्ये लहान गाडी देतायत, सहा लाखांची, हप्ताही कमी बसतो. आम्ही तोही हिशेब केला. सहा लाख आणि जुन्या कर्जाचे उरलेले चोवीस हजार, असं नवं कर्ज सव्वासहा लाखांच्या घरात. त्याच व्याजानं सात वर्षांचा हप्ता १०,२००. महिन्याला चारशे रुपये वाचले खरे, पण राहिलेली पाच वर्षं पुन्हा सात झाली. एकूण भरायचे पैसे दोन लाखांनी वाढले. जुनं कर्ज नव्या कर्जाच्या पोटात गेलं की दिसत नाही, पण ते फिटलेलं नसतं. शोरूममध्ये जायचंच झालं तर दोन आकडे वेगवेगळे लिहून मागा. जुनीचे किती देता आणि नवी कितीला देता. दोन्ही एकत्र सांगितले की कुठं कापलं ते समजत नाही.

कुणी म्हणालं, कंपनीत भाड्यानं लावू. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीतून भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. त्याला परवाना, पिवळी प्लेट आणि वेगळा विमा लागतो. त्याशिवाय भाडं मारताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

सगळ्यात धोक्याची वाट गावात फार चालते. एखादा ओळखीचा म्हणतो, "वहिनी, गाडी मला द्या, पुढचे हप्ते मी भरतो." बॉंडवर सह्या होतात आणि गाडी जाते. पण कर्ज तुमच्या नावावर, गाडीवर बोजा बँकेचा आणि आरटीओत मालक तुम्हीच. त्यानं हप्ता चुकवला तर बँक तुमच्या दारात. त्यानं कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्या दारात. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे. एकानं २००७ मध्ये गाडी विकली, पण आरटीओत नाव बदललं नाही. गाडी पुढं आणखी हातांत फिरली, २००९ मध्ये अपघात होऊन एकाचा जीव गेला. न्यायालयानं भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या माणसावरच ठेवली, कारण नोंदीत मालक तोच होता.

म्हणून विकताना क्रम सोडू नका. आधी कर्ज फेडा, किंवा खरेदीदाराचे पैसे थेट कर्जखात्यात भरून घ्या. बँकेकडून ना हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घ्या, त्यावरून आरसी बुकावरचा बोजा उतरतो. मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदलायला द्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता ताब्यात दिली ते लिहून घ्या. फास्टॅग बंद करा. विमा कंपनीला कळवा, आणि क्लेम घेतलेला नसेल तर नो क्लेम बोनसचा दाखला मागा. तो पुढच्या गाडीला उपयोगी पडतो. आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली का हे मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये बघा. बघितल्याशिवाय व्यवहार संपला म्हणू नका.

त्या घरानं गाडी विकली. गटानं चोवीस हजारांचं कर्ज दिलं, आणि वहीत कारण खरं लिहिलं: गाडीचं कर्ज बंद करण्यासाठी. थकलेल्या हप्त्यासाठी दिलं असतं, तर दोन महिन्यांनी ती पुन्हा मागायला आली असती. बंद करायला दिलं, तर फेडीला वाट आहे. गटाचा पैसा कष्टाचा, थेंबाथेंबानं साठलेला. तो भोकाच्या बादलीत ओतायचा नाही, भोक बुजवायला द्यायचा, असं आम्ही त्या दिवशी ठरवलं.

तुमच्या गटात पुढच्या बैठकीला हा विषय घ्या. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी तीन गोष्टी आणाव्यात: बँकेचं बाकीचं पत्र, महिन्याच्या खेपांची वही आणि तीन ठिकाणचे भाव. कुणाला हसायचं नाही, कुणाची गोष्ट बाहेर न्यायची नाही. ज्या घरात अजून गाडी यायची आहे, तिथल्या बायांनी सही करण्याआधी विचारावं, "पीक गेलं तर हप्ता कशातून?" उत्तर मिळाल्यावरच पेन हातात घ्यावं.

येतो आम्ही. राम राम.