बाहुलीची खाट



मागच्या बैठकीत आपण बँकेचा अर्ज कसा भरायचा ते पाहिले. आज आम्ही बाहुलीच्या खाटेवर बोलणार आहोत. कोणी म्हणेल, "गुरुजी, हा काय पोरखेळ काढला?" खरे आहे. विषय पोरखेळाचाच आहे. पण यात मोजमाप आहे, हिशेब आहे. शिवाय आमच्या हातून झालेली एक चूक आहे, ती सांगितल्याशिवाय आम्हाला हा विषय बोलता येणार नाही.

आमचे लहानपण अमळनेर तालुक्यातले. धाब्याचे घर, पुढे अंगण, अंगणात ज्वारीच्या धांड्यांचा ढीग. धांड्याची साल सोलली की आत पांढरा, हलका भेंड निघतो. त्या भेंडाची आम्ही गाडी करत असू, आणि बहिणी बाहुलीची खाट करत. खिळे कुठले? बाभळीचे काटे. एक काटा टोचला की जोड बसला. या सगळ्याला एक पैसा लागत नसे. पोळ्याला मातीचे बैल होत. भाद्रपदाच्या पौर्णिमेला गुलाबाई बसली की पुढे कोजागरीपर्यंत महिनाभर मुलींचे राज्य. गाणी, खिरापत, आणि डब्यात काय आहे ते ओळखायची गंमत. तुम्हा भगिनींना हे आम्ही काय सांगावे?

आता धांडे गुरांना जातात, काटे वेचायला कोणी जात नाही. बाजारात प्लास्टिकची खेळणी मिळतात. आम्ही प्लास्टिकला शिव्या देत नाही. आमच्या घरची बादली प्लास्टिकचीच आहे. पण जत्रेत घेतलेला तो पलंग आठ दिवसांत मोडतो, आणि मोडला की त्याला खिळा मारता येत नाही, डिंक लावता येत नाही. फेकून द्यावा लागतो.

आता आमची चूक ऐका. आम्ही साक्री तालुक्यात शाळेवर होतो. मुलगी तिसरीत होती. एके दिवशी शाळेतून आलो, तर आमची हत्यारांची पेटी उघडी. खिळे अंगणभर. मुलीने काडेपेट्या आणि आमची चांगली फूटपट्टी मोडून बाहुलीला खाट केली होती. त्या दिवशी शाळेत तपासणी झाली होती, आमचे डोके आधीच तापलेले. आम्ही ती खाट उचलली आणि चुलीत घातली. "अभ्यास कर," म्हणालो. मुलगी रडली नाही. तिने खिळे एकेक वेचून पेटीत ठेवले. त्यानंतर तिने आमच्या पेटीला हात लावला नाही, आणि बाहुलीही आमच्यासमोर कधी काढली नाही. दुसऱ्यांच्या मुलांना आम्ही आयुष्यभर हस्तकला शिकवली, आणि घरी हे केले.

मुलगी पारोळ्याला दिली. गेल्या वर्षी गुलाबाईच्या दिवसांत ती माहेरी आली. तिची मुलगी, म्हणजे आमची नात, सहा वर्षांची. दुसऱ्याच दिवशी नात चिंधीची बाहुली घेऊन आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "आबा, मनी बाहुलीले खाट नही." आम्ही टोपी घातली आणि तिला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

मंडळी, दुकानात जाण्याआधी घरी एक काम करायचे. बाहुली मोजायची. आमच्या नातीची बाहुली ८ इंच भरली. मग खाट १० इंच लांब, ५ इंच रुंद आणि ४ इंच उंच धरली. आता हिशेब करा. १० इंचांचे दोन तुकडे, म्हणजे २०. ५ इंचांचे दोन, म्हणजे १०. चार पाय ४ इंचांचे, म्हणजे १६. एकूण ४६ इंच. ४ फुटांचे ४८ इंच होतात. म्हणून ४ फूट पट्टी आणायची. वरचे २ इंच करवतीच्या भुशात आणि चुकण्यात जातात.

ही पट्टी म्हणजे सुतार दाराच्या कडेला मारतात ती लाकडी बिडिंग पट्टी. अर्धा इंच रुंद आणि पाव इंच जाड अशी मागा. सुतार लोक इंच आणि सूत यांत बोलतात. ८ सूत म्हणजे १ इंच. तेव्हा आपली पट्टी ४ सूत रुंद, २ सूत जाड. सुतळीचा एक लहान गुंडा, बारीक खिळे थोडेसेच, पांढऱ्या डिंकाची सर्वांत लहान बाटली आणि काचकागदाचा एक तुकडा, एवढेच सामान. आमची शंभराची नोट मोडली आणि त्यातून काही पैसे परत आले. डिंक आणि खिळे पुढच्या दोन-तीन वस्तूंना पुरले. तुमच्या गावात सुतार असेल तर पट्टीचे तुकडे त्याच्याकडे फुकटही मिळतील. मागायला लाजू नका.

सामानाची यादी मात्र स्वतःच्या हाताने लिहा. आपल्याच वर्गातल्या एका मावशींनी परवा यादी लिहून नेली. दुकानदाराने बिल केले, तेव्हा त्यांनी ते यादीशी ताडून पाहिले. न घेतलेली एक कडी बिलात आली होती. दुकानदाराने लगेच खोडली. मावशींनी तो कागद देवाजवळ ठेवला आहे.

आता खाट कशी करायची ते पाहा. तुकडे कापून कडा काचकागदाने घासा. बोट फिरवून कूस लागत नाही ना, ते पाहा. लांब पट्टी आडवी उभ्या कडेवर धरा. तिच्या दोन्ही टोकांना आतून एकेक पाय डिंकाने चिकटवा, पट्टीच्या वर पाय इंचभर राहील असा. मग एक खिळा मारा. येथेच आम्ही फसलो. आम्ही पाऊण इंची खिळे आणले होते. पाऊण इंच म्हणजे ६ सूत. पट्टी २ सूत आणि पाय २ सूत, मिळून झाले ४. उरलेले २ सूत टोक पलीकडून बाहेर आले आणि आमच्याच अंगठ्यात घुसले. नात हसली. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाची ही गोष्ट! खिळा ४ सुतांपेक्षा आखूडच हवा. तसा मिळाला नाही तर पक्कडीने टोक तोडून घ्या आणि तोडलेली धार कानशीने घासा. शिवाय ठोकण्याआधी खिळ्याच्या टोकावर हातोडीचा हलका ठोका द्या. टोक बोथट झाले की बारीक लाकूड चिरत नाही. हे आम्हाला एका म्हाताऱ्या सुताराने शिकवले.

अशा दोन बाजू झाल्या की मध्ये ५ इंची पट्ट्या लावायच्या. त्यांना खिळा नको. डिंक लावा आणि कोपरे सुतळीने घट्ट बांधा. रात्रभर हात लावू नका. सकाळी सुतळीने विणायला घ्या. आधी लांबीचे दोर घाला, मग आडवा दोर एक वरून, एक खालून. पायथ्याकडे दोन बोटे जागा सोडून ताणाची दोरी ओवायची, आपल्या मोठ्या खाटेला असते तशी. हे काम मुलांना द्या. त्यांची बोटे बारीक असतात. मुलगा असला तरी द्या.

हे काही आमच्याच डोक्यातून निघालेले नाही. १९०७ साली इटली देशात, रोम शहरातल्या गरीब वस्तीत, मारिया मॉन्टेसरी नावाच्या बाईंनी बालघर उघडले. तेथे मुलांच्या मापाच्या लहान खुर्च्या आणि टेबले ठेवली. मुले आपल्या हाताने ती उचलत, मांडत. पण ते सामान महाग. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी या गावी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. महागडे साहित्य तेथे कोठून येणार? त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, जे तेथे होते तेच साहित्य केले, आणि मुले शिकली. पुढे पुण्याला अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्वच्या रबरी नळीने जोडून नाना आकार करायला मुलांना शिकवले. २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. म्हणजे पोरखेळालाही किंमत आहे, बरे का!

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली रंगाची. तेलरंगात शिसे असू शकते. ते पोटात गेले तर मुलांच्या मेंदूला इजा होते. २०१६ साली सरकारने नियम केला आणि पुढच्या वर्षापासून तो लागू झाला. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे असू नये, असा तो नियम आहे. जुन्या डब्यातला उरलेला रंग म्हणून कधीच लावू नका. आम्ही खाटेला रंगच दिला नाही. दुसरी गोष्ट, घरात रांगते मूल असेल तर खिळे, वायसर, कड्या वर ठेवा. ते आधी तोंडात घालते.

खाट जमली तर पुढे बंगई करा. ५ इंचांची फळी, चार कोपऱ्यांना चार लहान आकड्या, आणि फुटावर मिळते ती बारीक साखळी. मोठी माणसेही येता-जाता तिला झोका देतात. आमच्याकडे तर शेजारचे पाटील देतात.

आता त्या दिवसाचे उरलेले सांगतो. नात आणि आम्ही ओसरीवर विणत बसलो होतो. ताणाची दोरी आम्हाला नीट ओवता येईना. मुलगी आतून चहा घेऊन आली. कप खाली ठेवले, खाट हातात घेतली आणि काही न बोलता तिने दोरी ओवली, ताणली, गाठ मारली. मग खाट उलटी-सुलटी करून पाहिली.

"बाबा, हिला उशाकडे पाठ हवी," ती म्हणाली. "माझ्या खाटेला होती."

इतक्या वर्षांत ती त्या खाटेविषयी प्रथमच बोलली. आम्हाला उत्तर सुचले नाही. आम्ही कागद-पेन्सिल घेतली. ५ इंचांची एक आडवी पट्टी, ३ इंचांच्या दोन उभ्या, एकूण ११ इंच. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच आम्ही दारात उभे होतो, एक फूट पट्टी मागायला.