ॲपचा मागचा भाग: स्वतःचा की भाड्याचा?



नागपूर जिल्ह्यातल्या मांढळच्या बाजारातले मिरची, धान आणि तुरीचे भाव रोज मोबाईलवर दाखवणारं ॲप कुहीतल्या दोन-तीन पोट्ट्यांनी करायला घेतलं, असं समजू. समोरचा पडदा ते आठवड्यात उभा करतील. खरं काम मागचं: आत आलेला कोण हे ओळखणं, भाव साठवणं, सूचना पाठवणं. त्याला बॅकएंड म्हणतात. तो गूगलच्या फायरबेसकडे सोपवावा, की सुपाबेस, ॲपराइट यांसारखं मुक्त सॉफ्टवेअर घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर चालवावा? वाद पहिल्याच दिवशी पेटतो, आणि पेटतो तो ‘फुकट कोणतं’ यावरून. तिथेच गाडी चुकते.

फुकटाचं गणित करून पाहू. फायरबेसचा फायरस्टोअर हा डेटाबेस दिवसाला ५०,००० वाचनं फुकट देतो. एक नोंद उचलली की एक वाचन. आपलं ॲप २,००० शेतकऱ्यांनी दिवसातून एकदा उघडलं आणि प्रत्येकाला ३० भावांच्या ३० नोंदी दाखवल्या, की झाली ६०,००० वाचनं. कोटा संपला. तेच तीस भाव एकाच नोंदीत ठेवले तर वाचनं होतात २,०००. दर कंपनी ठरवते, पण बिल फुगवतो आपलाच कोड.

स्वतःचा सर्व्हर महिन्याला काहीशे रुपयांत भाड्याने मिळतो. मग फुकट तेच, नाही का? थांबा. आपला शेतकरी ईमेलने आत येत नाही, ओटीपीने येतो. स्वतः एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर संस्था म्हणून नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा मसुदा मंजूर करून घ्यावा लागतो. फायरबेस प्रत्येक एसएमएसचे पैसे घेतं, पण हा व्याप अंगावर येऊ देत नाही. शिवाय सुरक्षेचे अपडेट, बॅकअप, मध्यरात्री भरलेली डिस्क. यासाठी उठणारा माणूस कोण, त्याचं नाव आधी कागदावर लिहा. नाव सुचत नसेल तर स्वतःच्या सर्व्हरचा हट्ट सोडा.

मग सगळं कंपनीकडेच द्यावं? पार्सची गोष्ट ऐका. ॲपवाल्यांची ही लाडकी सेवा फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली आणि जानेवारी २०१६ मध्ये वर्षभराच्या मुदतीने बंद करत असल्याचं जाहीर केलं. हजारो ॲपवाल्यांची धावपळ उडाली. ते तगले कारण कंपनीने पार्स सर्व्हर मुक्त केला आणि डेटा मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये हलवण्याची सोय दिली. म्हणजे व्यवस्थापित सेवेतून सुटका झाली ती मुक्त सॉफ्टवेअरमुळे. मला या वादातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच वाटतो.

आणि आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. मुंबईच्या फ्रापेने, रुषभ मेहतांच्या कंपनीने, ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर मुक्त ठेवलं. ते कुणीही उतरवून आपल्या सर्व्हरवर चालवावं. नको असेल तर तेच फ्रापे क्लाउडवर पैसे देऊन चालवून घ्यावं. कंपनी पैसे घेते ते राबण्याचे. अडवून धरायला तिच्या हातात काही नाही, कारण खाली मारियाडीबी हा मुक्त डेटाबेस आहे आणि बॅकअप आपल्या हाती येतो. सुपाबेसचंही तसंच: खाली पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस, त्यांच्याकडे ठेवा किंवा स्वतःकडे.

म्हणून कुहीच्या पोट्ट्यांना माझा सल्ला: सॉफ्टवेअर मुक्त घ्या, पण चालवायला तूर्त दुसऱ्याला द्या. सर्व्हर मुंबईतला निवडा; जागा नंतर बदलणं त्रासाचं असतं. सुपाबेसच्या फुकट योजनेत आठवडाभर वापर नसला तर प्रकल्प थांबवला जातो, हे हंगाम नसताना विसरू नका. आणि पहिल्याच महिन्यात सगळा डेटा उतरवून दुसऱ्या एखाद्या संगणकावर चढवून पाहा. त्यावर ॲप उघडलं आणि तुरीचे भाव दिसले, तर कंपनी उद्या दर वाढवो की दुकान बंद करो, तुमचा एखादा शनिवार-रविवार जाईल, एवढंच.