आट्यांचा पीळ आणि दारूचं माप

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर इतिहासाचे प्राध्यापक बोलतात. यंदा आमच्यासारख्या, शासनाच्या नळपाणी खात्यात नोकरी करणाऱ्या, डिप्लोमा झालेल्या माणसाला बोलावलंत, म्हणून आधी आभार. आमचं अर्धं आयुष्य बोअर आणि पाइप यांत गेलं. आज बोलायचं आहे तेही बोअरबद्दलच, फक्त तो जमिनीतला नाही, बंदुकीच्या नळीचा आहे.

लष्करातल्या जुन्या मराठी घरांतून एखादी ठासणीची बंदूक भिंतीवर टांगलेली आपण सगळ्यांनी पाहिली असेल. आमच्या घरातही एक होती. आमचे पणजोबा शिंदे सरकारच्या शिकारखात्यात कारकुनीवजा कामावर होते. मोठ्या लोकांकडे काडतुसांच्या नव्या रायफली आल्यावर जुन्या विलायती बंदुका खालच्या लोकांच्या वाट्याला आल्या, त्यातली ही एक. नळी जाड, आतून आटे पाडलेले, वर टोपी लावायचं निपल, खाली गज. परवाना शेवटी आमच्या काकांच्या नावावर होता. ते गेल्यावर बंदूक जमा करणं भाग होतं, आणि जमा करण्यापूर्वी आम्ही चुलतभावांनी ती एकदा नीट पाहायची ठरवली.

त्यामागे कारण होतं. या बंदुकीमुळे आमच्या घराला गल्लीत एक नाव पडलं होतं, ‘थरथरे’. शंभरेक वर्षांपूर्वी शिवपुरीकडच्या जंगलात एका हाकेकऱ्यावर अस्वल धावून आलं. पणजोबांनी साठ-सत्तर पावलांवरून बार टाकला आणि तो चुकला. माणूस वाचला, पण त्याचा एक डोळा आणि अर्धा चेहरा गेला. पणजोबांचा हात थरथरला असं सगळे म्हणाले. ते स्वतः काहीच बोलले नाहीत. जिवंत असेपर्यंत दर सुगीला त्या माणसाच्या घरी धान्य पाठवत राहिले आणि बंदुकीला पुन्हा हात लावला नाही. आमच्या वडिलांना शाळेत मुलं याच नावानं हाक मारायची. आम्हालाही मारलीच.

आता थोडं आट्यांबद्दल. गोळी नुसती पुढे गेली तर भरकटते, स्वतःभोवती फिरत गेली तर सरळ राहते, म्हणून नळीत मळसूत्री आटे पाडतात. एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो, तो तिचा पीळ. १८५७ साली ज्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसावरून एवढं रामायण झालं, आणि त्याच जूनमध्ये आपल्या मुरारच्या छावणीतली कंटिन्जंटही उठली, तिच्या नळीत तीन आटे होते आणि फेरा ७८ इंचांत एक. चरबीची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण चरबी मुळात लागायचीच कशाला, हे शाळेत कुणी सांगत नाही. काळी दारू जळली की नळीत काजळीचा थर बसतो. त्यातून कागदात गुंडाळलेली गोळी तोंडाकडून तळापर्यंत ढकलायची, तर वंगण हवंच. हिंदुस्थानच्या उन्हात तरीही ती अडकायची. शेवटी साहेबाला गोळीचा व्यास ०.५६८ इंचावरून ०.५५० वर आणावा लागला.

गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. व्हिटवर्थ नावाच्या इंजिनियरनं लांबट गोळीसाठी षट्कोनी नळी केली, तिचा फेरा अवघ्या २० इंचांत. गोल गोळीचं उलटं. तिला तोंड-बूड नाही, ती उलटीपालटी होण्याचा प्रश्नच नाही. थोडीशी फिरली तरी पुरे. मग सगळ्याच बंदुकांना घट्ट पीळ का देऊ नये? लाकडात स्क्रू पेचकसानं फिरवला तर आट्याआट्यानं आत जातो. त्याच स्क्रूवर हातोडा हाणला तर लाकूड फाडत सरळ घुसतो. शिशाची मऊ गोल गोळी घट्ट पिळाच्या नळीत ठेवून मागे जास्त दारू भरली की तेच होतं. गोळी आटे सोडून सरळ निघते आणि कुठेही जाते. म्हणून तेव्हाचे लोक दारू कमी भरायचे. दारू कमी म्हणजे गोळी हळू, आणि हळू गोळी वाटेत फार खाली येते. अंतराचा अंदाज थोडा चुकला की बार गेला.

यावर उपाय सांगणारा माणूस आपल्याच प्रदेशात होता. कॅप्टन जेम्स फोरसिथ. आपल्यापैकी बरेच जण पचमढीला जाऊन बायसन लॉज पाहून आले असतील, तो त्यानंच बांधला. १८६२ साली तो पचमढीला पोचला. सातपुड्यावरचं त्याचं पुस्तक १८७१ चं, पण त्याआधी १८६३ मध्ये त्यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं की जंगलात जनावर झाडीतून एकदम निघतं, अंतर मोजत बसायला वेळ नसतो. तेव्हा गोळी मोठी आणि गोल घ्या, दारू भरपूर भरा आणि तिनं आटे सोडू नयेत म्हणून पीळ अगदी सैल ठेवा, शंभर इंचांच्या वर एक फेरा. पुढे १८७९ मध्ये ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञानं सूत्र दिलं. त्यानुसार गोल गोळीला व्यासाच्या दीडशेपट लांबीत एक फेरा लागतो. १४ बोअरची, म्हणजे पौंडाला चौदा बसणारी गोळी साधारण ०.६९ इंचाची. दीडशेनं गुणा, १०४ इंच येतात. सूत्र हाती नसताना फोरसिथ जंगलात गोळ्या झाडून त्याच आकड्याच्या आसपास पोचला होता. आम्हाला या माणसाचं कौतुक वाटतं, त्याच्या शिकारीचं नव्हे. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते उत्तमच झालं.

तर आमची बंदूक. पहिलं काम, ती रिकामी आहे का हे पाहणं. गज आत सोडला, तोंडाशी खूण केली, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. तळाच्या दीड इंचाहून जास्त अलीकडे तो थांबत होता. आमच्या चुलतभावाचा चेहरा उतरला. ती बंदूक भरलेली होती! जिच्याखाली आम्ही लहानपणी गोट्या खेळलो, जिचा घोडा आम्ही हजार वेळा ओढला असेल, ती. निपलवर टोपी नव्हती, एवढंच दैव. (आपल्या घरी अशी वस्तू असेल तर कृपया हात न लावता परवानाधारक कारागिराला बोलवा. ही सूचना भाषणाचा भाग नाही, विनंती आहे.)

कारागिरानं आधी नळीत पाणी सोडून दारू भिजवली, एक रात्र जाऊ दिली आणि गजाला पेच लावून गोळी बाहेर ओढली. ती गोल नव्हती. लांबट होती, पुढे टोकदार, मागे सपाट आणि भरीव, कापडही गुंडाळलेलं नव्हतं. लांबी २६ मिलिमीटर. एकूण खोलीतून ती वजा केली तर दारूसाठी जेमतेम दीड सेंटिमीटर जागा उरत होती. म्हणजे दोन ड्रॅमच्या आसपास, साडेतीन ग्रॅम. फोरसिथच्या तऱ्हेच्या नळीला याच्या दुपटीहून जास्त लागते.

मग पीळ मोजला. गजाच्या टोकाला कापड घट्ट गुंडाळून आत घातलं, मुठीवर खडूची रेघ मारली आणि हळूहळू बाहेर ओढलं. सव्वीस इंचांत गज पाव फेरा फिरला. आम्ही तीनदा मोजलं. सव्वीस चोक एकशे चार.

आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. ती नळी गोल गोळीची होती. तिच्यात कुणीतरी लांब गोळी घातली होती, बहुधा नवी ती चांगली या समजुतीनं. शिवाय दारू निम्म्याहून कमी. सैल पिळात लांब गोळीला आधीच फिरकी अपुरी, त्यात ती हळू सुटली की फिरकी आणखी कमी. अशी गोळी आडवी होत जाते. साठ पावलांवर ती कुठे लागेल हे नेम धरणाऱ्याच्या हातात नसतं, हात थरथरो की न थरथरो.

आता कुणी म्हणेल, नळीतला बार त्याच दिवसाचा कशावरून? बरोबर आहे. तो नंतरही कुणी भरला असेल. पण पेटीत जो एकमेव साचा होता, तोही लांब गोळीचाच निघाला. एवढंच आम्ही सांगू शकतो. आणि बंदूक घेतल्यावर निशाण लावून पाहिलं असतं तर पहिल्या दहा बारांतच हे कळलं असतं, हा दोष पणजोबांचा उरतोच. तो आम्ही झाकणार नाही.

हे सगळं आमच्या आत्यानं ऐकलं. तिचं वय ९१, पणजोबांच्या मांडीवर बसलेली अशी आता ती एकटीच. आम्ही कागदावर आकृती काढून समजावत होतो. तिनं कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, “म्हणजे दादांचा हात हलला नव्हता?” आम्ही म्हटलं, “तसं दिसतंय, आत्या.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, “हे त्या हाकेकऱ्याच्या घरी कुणी सांगितलं का?”

हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता. आम्ही आमच्या घराचं नाव धुवायला निघालो होतो.

बंदूक, साचा आणि गोळी रीतसर जमा झाली. आमच्याकडे आहे तो गोळी कागदावर ठेवून पेन्सिलीनं काढलेला आकार. गावाचं नाव आत्याला आठवतंय, त्या माणसाच्या पणतवंडांपैकी एक जण तिथे शेती करतो असं कळलंय. दिवाळीनंतर जायचं ठरलंय. दादा पाठवायचे तेवढं धान्य गाडीत घालून न्या, असं आत्याचं सांगणं आहे. किती मण ते तिला पक्कं आठवत नाही, पण ज्वारी होती एवढं ती ठामपणे सांगते.