यंत्राशिवाय चांगली कॉफी

आज कॉफीवर बोलायचं आहे. चहावाल्या बायांनी लगेच रेडिओ बंद करू नये, कारण विषय कॉफीचा असला तरी प्रश्न गटाच्या पैशाचा आहे.

आम्ही अकरा जणी तारकर्लीच्या वाटेवर पाहुण्यांना न्याहारी देतो. घावणे, आंबोळी, खापरोळी, उसळ यांत आम्हांला कोणी शिकवायला नको. पण मुंबई-पुण्याची मंडळी सकाळी डोळे चोळत येतात आणि पहिलं विचारतात, "ताई, कॉफी मिळेल?" मिळेल म्हटलं की पुढचा प्रश्न, "मशीनची आहे का?" त्यामुळे गटाच्या बैठकीत विषय निघाला, कर्ज काढून कॉफीचं यंत्र घ्यावं का? आता वेंगुर्ल्याकडच्या आणि देवगडकडच्या बायाही आम्हांला हेच विचारतात.

आमचं उत्तर आहे, घेऊ नका. निदान पहिल्या दोन हंगामांत तरी नको.

यंत्र काय करतं ते समजून घेऊया. ते बारीक दळलेल्या पुडीतून गरम पाणी मोठ्या दाबाने, हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट दाबाने, अर्ध्या मिनिटात ढकलतं. कप पटकन भरतो, वर सोनेरी फेस येतो. गर्दीच्या हॉटेलात या घाईला किंमत आहे. आपल्याकडे सकाळी आठ-दहा कप लागतात. त्यासाठी घरगुती यंत्र हजारोंत, हॉटेलातलं लाखाच्या घरात. शिवाय आपला खारा वारा! पत्र्याचा डबा दोन वर्षांत गंजतो तिथे त्या यंत्राच्या नळ्या-स्क्रूंचं काय होईल? पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, पाहुणे बंद, वीजही जाते येते. हप्ता मात्र जूनमध्येही भरावा लागतो.

दक्षिणेकडे पिढ्यान्‌पिढ्या यंत्राशिवाय उत्तम कॉफी पितात. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने हजहून येताना सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी तिकडची कथा आहे. आजही देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकात पिकते, म्हणजे घाट ओलांडून आपल्या शेजारीच. आणि बचत गटाच्या बायांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे इंडियन कॉफी हाऊस. १९५०च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ साली बंगळुरात झाली. वेटर आणि स्वयंपाकीच मालक झाले.

आता आपल्या कामाचं. स्टीलचा किंवा पितळेचा फिल्टर आणा. बेळगावच्या भांडी बाजारात सहज मिळतो, लहान फिल्टर काहीशे रुपयांत येतो. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दांड्याची चकती, वर झाकण. बस्स, बिघडायला त्यात काही नाही.

चव ठरते ती पुडीवर. पाकीट उलटं करून वाचा. चिकोरी किती टक्के ते छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्याने रंग येतो, दाटपणा येतो आणि किंमत उतरते. कायद्याने अशा मिश्रणात निम्म्याहून जास्त कॉफी असावीच लागते, पण निम्मी आणि ऐंशी टक्के यांत फरक आहे. दुधाच्या कॉफीला आम्ही ऐंशी-वीसची पूड घेतो. बिनदुधाची मागणारा पाहुणा असेल तर निव्वळ कॉफीची. इन्स्टंट पूड यात चालणार नाही, ती पाण्यात विरघळून जाते. ती मुळात आधीच काढलेली आणि सुकवलेली कॉफी असते.

आणि पूड शंभर ग्रॅमच आणा. किलोने स्वस्त पडते म्हणून भरून ठेवाल, तर आपल्या पावसात पापड सादळतात तशी तीही सादळते आणि वास उडून जातो. घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवा. फ्रिजमधून सारखी आत-बाहेर केलीत तर डब्यात ओल धरते. मसाल्याच्या डब्याशेजारी तर मुळीच नको, नाहीतर कॉफीला मालवणी मसाल्याचा वास येईल आणि पाहुणा हसत हसत पैसे देऊन जाईल, पण परत येणार नाही.

पाण्याचं किनारपट्टीच्या बायांना जास्त सांगायला नको. मचूळ पाण्याची कॉफी कितीही साखर घातली तरी बेचवच लागते. सिंधुदुर्ग किल्ल्यात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव आहेत गोड्या पाण्याच्या! आपल्या परड्यातली विहीर तशी नसेल, तर कॉफीपुरतं पाणी गोड्या विहिरीचं आणा.

चार कपांचं माप लिहून घ्या. शीग लावून पोह्याचे चार चमचे पूड, वजनाला साधारण वीस ग्रॅम. वरच्या भांड्यात घालून सारखी करा, चकती हलकी टेकवा. फार दाबलीत तर पाणी उतरणार नाही, सैल सोडलीत तर पाणी नुसतं पळून जाईल. पाणी खळखळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. उकळतं पाणी थेट ओतलं तर कॉफी जास्त कडवट होते. आधी थोडं पाणी ओतून पूड भिजू द्या, मग बाकीचं ओता. सगळं मिळून दीडशे मिली. झाकण ठेवा आणि घावण्याच्या कामाला लागा. वीस-पंचवीस मिनिटांत खाली दाट काढा जमतो. त्याला सगळे डिकॉक्शन म्हणतात. सकाळी घाई असते म्हणून आमच्यातल्या काही जणी रात्रीच फिल्टर लावून ठेवतात.

फिल्टर मिळेपर्यंत पातेलं आणि मलमलचं फडकंही चालतं. पाणी उतरवून त्यात पूड घाला, ढवळा, चार मिनिटं झाका, ओल्या फडक्यातून गाळा. फडकं कॉफीसाठी वेगळंच ठेवा.

दूध साय न काढलेलं घ्या आणि ताजं तापवा. कपात आधी काढा, मग गरम दूध. काढा पुन्हा उकळू नका. गार झाला असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा. फेस हवा असेल तर ताकाची लहान रवी घेऊन दूध घुसळा. पाहुण्यांना हे बघायला फार आवडतं, फोटो काढतात! गुळाची कॉफी कोणी मागितली, तर गूळ खाली उतरवल्यावर घाला, नाहीतर दूध फुटतं. नारळाचा रसही उकळू नका, तोही फुटतो.

आपल्या सासवांच्या पिढीला कॉफी म्हणजे जायफळाची. ती विसरू नका. नारळ-पोफळीच्या बागांत जायफळ आता लागतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' ही जात काढली आहे. आपल्या बागेतलं जायफळ किसून घातलेली कॉफी कुठल्या यंत्रातून येणार? फक्त चिमूटभर घाला. जास्त झालं तर मळमळतं, गरगरतं.

शंभर ग्रॅम पुडीत वीस कप होतात. पूड, दूध, साखर, गॅस असं एका कपाचं वहीत मांडा आणि मगच दर ठरवा. आपली मेहनतही लिहा, ती फुकट नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या स्वतःसाठी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलं आहे की चहा-कॉफी जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर घेऊ नये, अन्नातलं लोह अंगाला लागत नाही. आपल्यात रक्त कमी असलेल्या किती जणी आहेत हे आरोग्य शिबिरात कळतंच. लोहाची गोळी कॉफीबरोबर कधीच घेऊ नका. दिवसाला कॅफिन तीनशे मिलिग्रॅमच्या आत असावं आणि दीडशे मिली गाळलेल्या कॉफीत ते ऐंशी ते एकशेवीस असतं. चहाही त्यातच धरायचा. गरोदर बाईने आपल्या डॉक्टरांना विचारून आणखी कमी घ्यावी.

फिल्टर रोज नुसत्या गरम पाण्याने धुवा, वासाचा साबण नको. भोकं बुजली तर वरच्या भांड्याचा तळ चिमट्याने धरून गॅसच्या आचेवर क्षणभर फिरवा, अडकलेली पूड जळून जाते, मग ब्रशने घासा. चोथा खताच्या खड्ड्यात टाका.